सेनापतीची सही

— एस. वाय. बी. ए. (राज्यशास्त्र)

'लष्करी कायदा' म्हटले की आपल्याला वाटते, हा काही आपल्या अंगणातला विषय नव्हे. कुठे पाकिस्तान, कुठे ब्रह्मदेश, कुठे दक्षिण अमेरिका! वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येणारी आणि सकाळच्या लोकलच्या घाईत वाचायची राहून जाणारी ती एक बातमी. पण महाराष्ट्रातल्या एका शहराने हा कायदा एकोणपन्नास दिवस अंगावर काढला आहे. शहर सोलापूर, साल १९३०.

४ मेच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, गांधीजींना कराडी येथे अटक झाली. बातमी सोलापुरात पोचली आणि गिरणगाव थांबले. ८ मे रोजी जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे पडली. खवळलेल्या लोकांनी चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीस मारले गेले. न्यायालयाची इमारत पेटली. सरकारी अंमल गावातून उठला आणि पुढचे काही दिवस रहदारीपासून बंदोबस्तापर्यंत सारे काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिले. १२ मे रोजी तेथे मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणे हा गुन्हा ठरला, तिरंगा हाती धरणे हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली, ती ८ मेच्या प्रकरणात. सोलापूरकरांनी त्यांच्या नावाने चौक केला. उरलेल्या महाराष्ट्राने त्यांना किती लक्षात ठेवले, हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारला तेव्हा दोन हात वर झाले.

असो. हुतात्म्यांवर लिहिणारे लिहितात, लिहिलेच पाहिजे. मला मात्र त्या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे. त्या एकोणपन्नास दिवसांत सोलापुरात ज्याचा शब्द हाच कायदा होता, त्या लष्करी अधिकाऱ्याविषयी. टोपी उतरवा, हे कुठल्या तरी कागदावर कोणी तरी लिहिले असणार आणि खाली कोणी तरी सही केली असणार. त्या माणसाने सही करताना काय विचार केला असेल? बहुधा काहीच नाही. त्याचा राजा साता समुद्रांपलीकडे, त्याचे वरिष्ठ पुण्या-मुंबईला, आणि समोरचे लोक त्याचे कोणीच नव्हते. त्याला जाब विचारणारे सोलापुरात कोणी नव्हते. लष्करी न्यायालयांनी शिक्षा ठोठावलेल्यांचे प्रकरण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेले आणि लष्करी कायद्याला निकडीखेरीज दुसरा आधार नाही, हे तत्त्व तेथे चर्चिले गेले. तत्त्व उत्तम आहे. पण निकड आहे की नाही हे प्रथम ठरवणारा हात बंदूक असलेलाच असतो, आणि न्यायालय मागाहून येते.

हा सारा इतिहास मला पुन्हा वाचावासा वाटला तो दक्षिण कोरियातल्या एका रात्रीमुळे.

३ डिसेंबर २०२४ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-योल दूरदर्शनवर आले आणि त्यांनी देशात लष्करी कायदा जाहीर केला. युद्ध नव्हते, बंड नव्हते. संसदेत विरोधकांचे बहुमत होते आणि ते राष्ट्राध्यक्षांना नकोसे झाले होते, एवढेच. भूदलाचे प्रमुख जनरल पार्क आन-सू यांची लष्करी कायद्याचे सेनापती म्हणून नेमणूक झाली. रात्री अकरा वाजता त्यांच्या नावाने पहिले फर्मान निघाले: संसद, स्थानिक सभा, राजकीय पक्ष यांच्या सर्व हालचाली बंद, मोर्चे आणि सभा बंद, वृत्तपत्रे आणि नभोवाणी लष्कराच्या ताब्यात, संपावर गेलेल्या डॉक्टरांनी अठ्ठेचाळीस तासांत कामावर यावे, नाही तर शिक्षा. संसदेच्या आवारात हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरले. खिडक्यांच्या काचा फुटल्या. फाटकाबाहेर पोलीस होते म्हणून लोकप्रतिनिधी कुंपणावरून चढून आत गेले. सभापती वू वॉन-शिक तर साठी उलटलेले, तेही तसेच गेले. आतल्या कर्मचाऱ्यांनी टेबले-खुर्च्या रचून दारे अडवली. रात्री एकच्या सुमारास तीनशेपैकी एकशे नव्वद सभासदांनी, एकही मत विरुद्ध न जाता, लष्करी कायदा उठवण्याचा ठराव केला. पहाटे साडेचारच्या आसपास राष्ट्राध्यक्षांना तो मागे घ्यावा लागला. सहा तासांचा खेळ. सोलापूरचे एकोणपन्नास दिवस आणि सेऊलचे सहा तास!

१४ डिसेंबरला संसदेने यून यांच्यावर महाभियोग संमत केला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी तेथील घटना न्यायालयाने एकमताने त्यांना पदावरून दूर केले. जनरल पार्क यांना १७ डिसेंबरलाच अटक झाली होती आणि बंडात महत्त्वाची कामगिरी बजावल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. खटल्याचा मामला न्यायालयाचा. मला बोलायचे आहे ते त्यांनी स्वतः ५ डिसेंबरला संसदेच्या समितीपुढे जे सांगितले, त्याबद्दल.

त्यांनी सांगितले की लष्करी कायदा लागू झाल्याचे आपल्याला राष्ट्राध्यक्षांच्या भाषणावरूनच कळले. फर्मान आपण लिहिले नाही, संरक्षणमंत्री किम योंग-ह्युन यांनी ते आपल्या हाती दिले. कायद्याच्या दृष्टीने तपासायला हवे असे आपण म्हटले, तेव्हा मंत्री म्हणाले की तपासून झाले आहे. मग आपण सही केली. कागदावर रात्री दहाची वेळ होती आणि ती टळून गेली होती. म्हणून तेवढी वेळ बदलून अकरा केली.

वाचकहो, या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकले आणि अजून तेथेच आहे. दहाचे अकरा केले! म्हणजे कागद वाचला होता. चूक दिसली होती. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हेही माहीत होते. आणि तो अधिकार वापरला कशासाठी, तर घड्याळासाठी.

दक्षिण कोरियाच्या घटनेचे सत्याहत्तरावे कलम काही मोठे नाही. लष्करी कायद्याच्या काळात सभा, मुद्रण, भाषण यांच्या स्वातंत्र्यावर आणि कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ यांच्या अधिकारांवर विशेष बंधने आणता येतील, असे ते म्हणते. यात संसदेचे नाव नाही. ते विसरून राहिलेले नाही. ते मुद्दाम नाही. कारण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की संसदेने एकूण सभासदांच्या बहुमताने मागणी केली तर राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा उठवलाच पाहिजे. जी संसद तो उठवणार, तीच बंद करायची म्हणजे विहीर बुजवून आग विझवायला निघणे. हे समजायला वकिली लागत नाही. भूदलप्रमुखाला, ज्याच्या खांद्यावर चार तारे आहेत, त्याला घटनेचे एक कलम वाचून दाखवणारा कोणी कारकून त्या रात्री मिळाला नसता काय?

आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे राजोडीत आमच्या आळीत कुणाच्या घरी कागद आला की तो फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेचे पत्र, सातबाराचा उतारा, कधी कुणाच्या मुलाच्या शाळेची नोटीस. माझ्या आजीला सही येत नाही, ती अंगठा देते. पण शाईच्या डबीला बोट लावण्याआधी ती मला तो कागद तीनदा वाचायला लावते. दुसऱ्या वेळी कंटाळून मी एखादी ओळ गाळली तर तिला बरोबर कळते. "मघाशी अजून काहीतरी होतं," म्हणते. आणि तिचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "यात वाडीचं नाव कुठं आलंय का?" नालासोपारा आणि विरारकडे इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हापासून या किनाऱ्यावर अंगठ्यांनी किती वाड्या गेल्या, ते तिने डोळ्यांनी पाहिले आहे. कागद आणणारा माणूस घाईत असतो, "सगळं तपासलेलं आहे हो आजी" असे हसून म्हणतो. तो असे म्हणाला की आजी अंगठा मागे घेते. "तपासलंय तर वाचायला काय हरकत?"

मला कोरियन सेनापतीची आणि माझ्या आजीची तुलना करायची नाही. केली तर आजीवर अन्याय होईल. तिच्या अंगठ्याने फार तर एक वाडी जायची. त्यांच्या सहीने पाच कोटी माणसांचे बोलणे बंद व्हायचे होते. 'मंत्री म्हणाले तपासले आहे' हे उत्तर आमच्या ओट्यावर टिकत नाही, ते संसदेच्या समितीपुढे कसे टिकावे?

आता दुसरी बाजू. माझ्या वर्गातला एक मित्र एन. सी. सी.त आहे, पहाटे उठून परेडला येतो, आणि पुढे सैन्यात जायचे त्याने ठरवून टाकले आहे. हे सारे मी त्याला सांगितले तेव्हा तो चिडला. "तुम्हा राज्यशास्त्रवाल्यांना हुकूम म्हणजे काय ते कळत नाही. हुकूम म्हणजे हुकूम. प्रत्येकजण कलमे उघडून बसला तर सीमेवर उभा कोण राहील?" कॅन्टीनसमोरच्या कट्ट्यावर आमचा हा वाद तीन दिवस चालला. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ज्या देशात सेनापती स्वतःच्या बुद्धीने वागू लागतात, त्या देशात बहुधा ते एके दिवशी राजवाड्यात जाऊन बसतात. आज्ञापालन ही लोकशाहीचीही गरज आहे.

त्याला मी पेशावरची गोष्ट सांगितली. सोलापूर पेटण्याच्या पंधरा दिवस आधी, २३ एप्रिल १९३० रोजी, पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम गढवाल रायफल्सच्या तुकडीला मिळाला. चंद्रसिंह गढवाली या हवालदाराने आणि त्याच्या जवानांनी बंदुका चालवल्या नाहीत. त्यांच्यावर लष्करी खटला चालला, गढवालींना जन्मठेप झाली आणि १९४१ पर्यंत ते तुरुंगात होते. एका हवालदाराला बाजाराच्या मधोमध, घोड्यावर हात असताना, जे सुचले, ते एका सेनाप्रमुखाला दिवाणखान्यात टेबलापाशी का सुचू नये?

"पण गांधीजींनी तरी त्यांची पाठ थोपटली का?" मित्राने विचारले. त्याने वाचले होते, हे मला मानावे लागेल. नाही थोपटली. हुकूम मोडणारा शिपाई आपली शपथ मोडतो, आणि उद्या आपले राज्य आल्यावर याच शिपायांकडून आपल्याला काम घ्यायचे आहे, अशा अर्थाचे उत्तर गांधीजींनी एका परदेशी पत्रकाराला दिले होते. मला ते उत्तर पटत नाही. गांधीजींचे सगळेच पटले पाहिजे असा काही विद्यापीठाचा नियम नाही. पण अहिंसेच्या पुजाऱ्यालाही शिपायाच्या नकाराची धास्ती वाटली, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते दिसते.

म्हणूनच मला शिपाई आणि सेनापती यांत फरक करावासा वाटतो. शिपायाला क्षणभराचा वेळ असतो, त्याला पूर्ण चित्र दिसत नाही, आणि नकाराची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. सेनापतीला वेळ असतो, सल्लागार असतात, दूरध्वनी असतो. नकार देऊन तो फार तर राजीनामा देईल आणि निवृत्तिवेतन घेऊन घरी बसेल. अधिकार जितका वर, तितकी 'मी काय, मला सांगितले म्हणून केले' ही सबब महाग झाली पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. खालच्या माणसाला सबब चालत नाही, वरच्याला चालते. हे फक्त सैन्याचे नाही, कोणत्याही कचेरीत जाऊन पाहा.

सेऊलमध्ये त्या रात्री खालचे लोक वरच्यांपेक्षा शहाणे निघाले, ही त्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. राजधानीच्या संरक्षण दलातील कर्नल चो सुंग-ह्युन यांनी घटना न्यायालयापुढे साक्ष दिली की आतल्या सभासदांना बाहेर खेचून काढा असा हुकूम आपल्याला मिळाला होता, आणि आपण मागून येणाऱ्या तुकडीला नदीवरचा पूल ओलांडू नका म्हणून कळवले. विशेष दलाचे प्रमुख क्वाक जोंग-गून यांनी तर साक्षीत राष्ट्राध्यक्षांच्या दूरध्वनीचाच उल्लेख केला. संसदेच्या आवारातले कित्येक जवान रेंगाळले, लोकांनी ढकलले तर मागे सरले. परतताना एकाने नागरिकांपुढे मान लववली. कोणी बंड केले नाही, घोषणा दिली नाही. नुसते हात सैल सोडले. घटना न्यायालयानेही आपल्या निकालात नमूद केले की संसदेला तो ठराव करता आला तो नागरिकांच्या प्रतिकारामुळे आणि सैनिक-पोलिसांनी हातचे राखून काम केल्यामुळे. आमच्याकडे कामचुकारपणाला शिव्या देतात. त्या रात्री कामचुकारपणाने एक देश वाचवला. आणि सेनापतींचे मुख्यालय मात्र काय करीत होते? संसदेचे मतदान होऊन गेल्यावरसुद्धा तेथून अधिकाऱ्यांनी भरलेली एक बस राजधानीकडे निघाली होती. ती वाटेतून परत फिरली.

हे हात सैल का पडले? कोरियन जवान आपल्यापेक्षा जन्मजात सज्जन असतात म्हणून नव्हे. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात याच लष्कराने लष्करी कायद्याखाली स्वतःच्या नागरिकांची कत्तल केली होती. त्यावेळचा सूत्रधार जनरल चुन डू-ह्वान पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. पण गोष्ट तेथे संपली नाही. १९९६ मध्ये त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली आणि १९९७ च्या अखेरीस त्याला माफी मिळाली. माफी मिळाली हे वाईट झाले की बरे, यावर कोरियन लोक भांडत राहोत. पिंजरा सर्वांनी पाहिला, हे महत्त्वाचे. पुलाअलीकडे तुकडी थांबवणाऱ्या कर्नलच्या मनात त्या पिंजऱ्याची आठवण नसेल, असे मला वाटत नाही. सोलापूरच्या अधिकाऱ्यासाठी असा पिंजरा कोणी बांधला नाही.

आणि आपल्याकडे? आपल्या राज्यघटनेचे चौतिसावे कलम मी या निमित्ताने प्रथमच नीट वाचले. एखाद्या भागात लष्करी कायदा अमलात असताना सुव्यवस्थेसाठी ज्यांनी काही कृत्ये केली, त्यांना संसद कायद्याने संरक्षण देऊ शकते, असे ते सांगते. मागाहून माफ कसे करायचे ते लिहिले आहे. लष्करी कायदा पुकारायचा कोणी, केव्हा, आणि उठवायचा कोणी, हे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. लष्करी कायदा म्हणजे काय याची व्याख्याही नाही. म्हणजे दार कोठे आहे ते सांगितलेले नाही, पण बाहेर पडणाऱ्याला पावती देण्याची सोय आहे.

१९७५ ची आणीबाणी लष्करी कायदा नव्हती. ती राष्ट्रपतींच्या सहीने आली, आणि त्या सहीचीही एक कथा आहेच. २५ जूनच्या रात्री कागद पुढे आला, मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, सही आधी झाली. त्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला, 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले, आणि लोकसभेच्या एकदशांश सभासदांनी मागणी केल्यास चौदा दिवसांत खास बैठक बोलावण्याची तरतूद केली. दुरुस्ती चांगलीच. पण चौदा दिवस! सेऊलच्या सभासदांना घोषणेपासून ठरावापर्यंत अडीच तास लागले, आणि तेवढ्यातही सैनिक आत शिरलेच होते. चौदा दिवसांत काय काय उरेल? माझे मत असे की लष्करी कायद्याबाबत आपल्या घटनेत कोरियाच्या सत्याहत्तराव्या कलमासारखे स्पष्ट दोन ओळींचे बंधन असावे, आणि आणीबाणीबाबतचे चौदा दिवस पुष्कळ कमी करावेत. प्राध्यापक मंडळींपैकी कोणाला यात कायद्याची अडचण दिसत असेल तर त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे.

आणखी एक लहानशी मागणी. आपल्या महाविद्यालयात एन. सी. सी.ची परेड मैदानावर होते आणि राज्यशास्त्राचा तास वरच्या मजल्यावर. वर्षातून एकदा तरी दोघांना एकत्र बसवून सोलापूर, पेशावर आणि सेऊल या तीन गोष्टी वाचल्या जाव्यात. मित्राला मी हे बोलून दाखवले. तो म्हणाला, येईन, पण वाद घालायला येईन. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "तुझ्या त्या जनरलचं एक मात्र मला पटत नाही. वेळ खोडून नवी घालायला ज्याचं पेन चाललं, त्याचं पेन वरच्या ओळीवर का अडलं?" एवढे त्याने मान्य केले. गढवालींबद्दल आमचे अजून जमलेले नाही.